तान्ह्या पोळ्याचा बोजारा

अच्युतराव चांदेकरांसमोर कोणी हॅलोवीनचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. तसं त्या सणाशी वैर धरायचं त्यांना काही कारण नव्हतं. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तो पाहिला होता फोनच्या काचेवर, आणि त्यातही अर्धा वेळ नातीचं कपाळच दिसायचं. पण टोरांटोहून दर रविवारी फोन यायचा आणि ऑक्टोबर उजाडला की सुरुची दुसरं काही बोलायचीच नाही. एका वर्षी ती वटवाघूळ झाली, एका वर्षी अंतराळवीर. वेश करायचा, घरोघर जायचं, दारं वाजवायची आणि पिशवी भरून चॉकलेटं आणायची.

‘‘ह्यात नवीन काय आहे?’’ अच्युतराव भोपाळहून म्हणायचे. ‘‘आपला तान्हा पोळा काय वेगळा आहे? उलट आपला जुना.’’

अच्युतराव मूळचे नागपूरजवळच्या उमरेडचे. तिकडे पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसरा दिवस असतो पोरांचा. लाकडी बैल चाकांच्या पाटीवर उभा करायचा, पाठीवर झूल घालायची, शिंगांना बेगड चिकटवायची. मग पोरानं धोतर-बंडी घालून, नाहीतर कृष्ण, झाशीची राणी, जे सुचेल ते होऊन, बैल दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. घरची बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, दोघांना ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे बैल दारी आणणाऱ्याचा मान. एखादं नाणं असेल, मूठभर फुटाणे असतील, पण बैल दारातून रिकाम्या हातानं परत जात नाही. अच्युतरावांचे वडील सुतार होते आणि श्रावण लागला की दुसरं काम हातात घेत नसत, नुसते बैल कोरत बसत.

तो हात अच्युतरावांकडे आला. पोरगं आयटीआय करून शहात्तर साली भोपाळच्या मोठ्या कारखान्यात लागलं, तेही पॅटर्न शॉपमध्ये. म्हणजे जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात तंतोतंत घडवायचा. सदतीस वर्षं अच्युतरावांनी टर्बाइनची लाकडी कवचं घडवली. इंद्रपुरीत छोटं घर बांधलं. गल्लीत बारा गावची माणसं. शेजारी सरदारजी, समोर त्रिशूरचे मल्याळी, पलीकडे तामिळ, दोन घरं बुंदेलखंडातली, एक बिहारी. मराठी घर एकच, चांदेकरांचं.

मुलगी मंजूषा चार वर्षांची झाली तेव्हा अच्युतरावांनी तिला बैल करून दिला आणि रजा टाकून तिला गल्लीत फिरवलं. पुढच्या वर्षी सरदारजींच्या मुलीनं बैल मागितला. मग तामिळांच्या पोरांनी. एका वर्षी तर चौदा बैल निघाले. सगळ्यांच्या पुढे अच्युतराव, डोक्याला फेटा, हातात थाळी बडवायला चमचा. आणि गल्ली? अख्खी गल्ली दारात उभी. सरदारीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन, मल्याळी बाई निरांजन घेऊन. कोणाला सांगावं लागत नसे. हे शेवटचं वाक्य अच्युतरावांचं फार लाडकं होतं. गोष्ट सांगताना ते थांबून, समोरच्याकडे बघून, पुन्हा एकदा म्हणत, ‘‘कोणाला सांगावं नाही लागायचं.’’

एक कुरकुर मात्र होती. त्यांची बायको वसुधाबाई ह्या मिरवणुकीत कधी आल्या नाहीत. ‘‘पाय दुखतात,’’ म्हणायच्या, ‘‘तुम्ही जा, मी घरी थांबते.’’ बैल गल्लीभर फिरून शेवटी स्वतःच्या दारी यायचा तेव्हा त्या आतून दार उघडायच्या, ओवाळायच्या आणि पोरांना खाऊ वाटायच्या. ‘‘हिला हौसच नाही,’’ अच्युतराव चारचौघांत बोलून दाखवत. त्यांना वाटे, आपण एवढा उत्सव उभा केला आणि घरचंच माणूस उंबऱ्याबाहेर पडत नाही.

पुढे पोरं मोठी झाली, बैल माळ्यावर गेले, मंजूषा लग्न होऊन कॅनडाला गेली. सहा वर्षांपूर्वी वसुधाबाई गेल्या. तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला अच्युतराव दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. कोणी येणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. तरी चारपर्यंत बसतात. त्या चाकांचा आवाज एकदा, फक्त एकदा, गल्लीत पुन्हा ऐकू यावा असं त्यांना फार वाटतं, आणि असलं वाटणं सांगायचं कोणाला, म्हणून ते फोनवर नातीला सांगतात.

नात मात्र ते सगळं मनात साठवत होती. ‘‘आजोबा, खरंच सगळे दार उघडतात?’’

‘‘सगळे.’’

‘‘लिस्ट नसते?’’

‘‘कसली लिस्ट! सगळ्यांना माहीत असतं.’’

फुशारकी टोरांटोपर्यंत फुकट जाते हे खरं, पण ह्या वर्षी ती अंगाशी आली. मंजूषाला सुट्टी मिळाली. ऑगस्टमध्ये ती सुरुचीला घेऊन येणार होती, आणि परतीचं तिकीट तान्ह्या पोळ्यानंतर तीन दिवसांनी होतं. नातीनंच हट्टानं तसं काढायला लावलं होतं.

अच्युतरावांनी महिनाभर आधी सागवानाचा तुकडा आणला. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, पण हाताला दिसतं. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, कान, एकेक उतरत गेलं. घोटाळा झाला तो मापात. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा असतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा किंचित लांब. अच्युतरावांनी सवयीनं त्या पट्टीनं बैल मापला आणि चाकांची पाटी मात्र जवळच्या पिपलानीतल्या सुताराकडून साध्या पट्टीनं कापून आणली. बैलाच्या खुरांचे खुंट पाटीच्या भोकांत काही केल्या बसेनात. येऊन दोन दिवस झालेली मंजूषा हसून हसून बेजार झाली.

‘‘बाबा, लाकूड कुठं आकसून राहिलंय?’’

‘‘हसून घे. सदतीस वर्षांचा हात आहे, एका दुपारीत बदलत नाही,’’ म्हणत त्यांनी सगळी दुपार कानस मारली.

सुरुचीचा प्रश्न वेगळाच होता. तिला बैल व्हायचं होतं. शिंगं, शेपूट, सगळं.

‘‘बैल व्हायचं नसतं,’’ अच्युतराव म्हणाले. ‘‘बैल न्यायचा असतो.’’

‘‘मग मी कोण?’’

‘‘तू बैलाचा गडी.’’

‘‘मग चॉकलेट बैलाचं?’’

‘‘मान बैलाचा. चॉकलेट तुझं.’’

हा करार तिला पटला. पण तिची शंका बाकी होती. ‘‘आजोबा, हॅलोवीनला ना, आपल्याला कोणी ओळखायचं नसतं. ओळखलं तर मजा जाते.’’

‘‘इथं उलटं. इथं ओळखायचंच असतं. दार उघडून म्हणायचं, अरे, ही तर चांदेकरांची!’’

सुरुची विचारात पडली. तिला इथलं कोण ओळखणार, हा विचार त्या क्षणी तिला पडला असेल, पण आजोबांना काही पडला नाही.

त्या रात्रीच्या जेवणात लिस्टचा खुलासा झाला. मंजूषा म्हणाली, ‘‘आमच्या बिल्डिंगमध्ये खाली लॉबीत कागद लावतात बाबा. ज्यांना पोरं आलेली चालतात ते आपला फ्लॅट नंबर लिहितात. पोरांनी तेवढीच दारं वाजवायची.’’

अच्युतरावांचा घास हातातच राहिला. ‘‘म्हणजे सणाला सही घ्यायची? वा! उद्या दिवाळीला हजेरी लावाल. अगं, ज्या सणाला लोकांना आधी सांगून ठेवावं लागतं तो सण कसला? ते तर नाटक झालं.’’

‘‘पहिल्या वर्षी कागद नव्हताच,’’ मंजूषा म्हणाली. ‘‘सुरुची तीन वर्षांची होती. मीच लावला.’’ पण अच्युतराव तोवर चौदा बैलांच्या वर्षाकडे वळले होते, त्यांनी ते ऐकलं नाही.

तान्ह्या पोळ्याला दोन दिवस उरले तेव्हा ते सहज म्हणून गल्लीत डोकावून आले. सहज म्हणून गेलेला माणूस घाबरून परत आला. सहा वर्षं व्हरांड्यात बसून गल्ली पाहिली होती, पण गल्लीतली दारं त्यांनी वाजवली नव्हती. सरदारजींच्या घरात आता इंजिनिअरिंगच्या मुलांचं हॉस्टेल होतं. तामिळांचं घर पाडून तीन मजले चढले होते आणि फाटकावरच्या यंत्रातून एक आवाज विचारत होता, ‘‘किससे मिलना है?’’ बिहाऱ्यांच्या घरी भाड्यानं राहणारं एक तरुण जोडपं होतं. अच्युतरावांनी विचारलं, परसों तान्हा पोळा है, पता है ना? मुलगी गोड हसून म्हणाली, ‘‘ये कौन-सा फंक्शन है अंकल? ग्रुप पे डाल दीजिए ना, सबको पता चल जाएगा।’’

अच्युतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आठ वर्षांची पोर सात समुद्र ओलांडून आली ती त्यांच्या शब्दावर. परवा ती काजळाची मिशी रंगवून, बैल घेऊन निघेल, आणि एकेक दार बंद. तिच्यासमोर तोंडघशी पडण्याचं दुःख होतंच, पण त्याच्या खाली आणखी एक होतं. दारं बंद राहिली तर पोरीला वाटेल की आजोबांची गल्ली कधी नव्हतीच. आणि ती खोटी ठरली तर ह्या वयात त्यांच्याजवळ दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘बँकेत जाऊन येतो’ असं सांगून ते पिपलानीच्या बाजारात गेले आणि अकरा घरांसाठी अकरा पुड्या बांधून घेतल्या. गडी पॅटर्न शॉपचा, कामात खोट ठेवणारा नाही. सगळीकडे एकच चॉकलेट निघालं तर पोरीला संशय येईल, म्हणून कुठे खोबऱ्याची वडी, कुठे फुटाणे, कुठे चिक्की, कुठे लिमलेटच्या गोळ्या. मग कापडी पिशवी काखेला मारून, मंजूषा आणि सुरुची डोसा खायला महाराणा प्रताप नगरला गेल्या आहेत ही संधी साधून, ते घरोघर निघाले. ज्या माणसानं परवा सणाला नाटक म्हटलं होतं, तो आज त्याच नाटकाची तालीम घेत होता.

‘‘तीन बजे,’’ ते त्या तरुण जोडप्याला समजावत होते. ‘‘लड़की आएगी, बैल लेके। आपको बोलना है, अरे वाह, बैल आया! ये पुड़ी उसके हाथ में देना। उसको बोजारा बोलते हैं।’’

‘‘अरे वाह, बैल आया,’’ मुलगी म्हणाली.

‘‘ऐसे नहीं। थोड़ा खुश होके।’’

हॉस्टेलच्या पोरांनी पुडी घेतली आणि ‘बिलकुल अंकल, टेन्शन मत लो’ असं तोंडभरून आश्वासन दिलं. फाटकातल्या यंत्रामागून एक मोलकरीण आली आणि पुडी आत घेऊन गेली. बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्या तिवारीजींना समजावावं लागलं नाही. ते म्हणाले, आमच्याकडे पोरं टेसूचा पुतळा घेऊन दारोदार फिरायची, गाणी म्हणून धान्य मागायची. आता कोणी येत नाही. तुमचा बैल तरी येऊ द्या.

शेवटी राहिलं समोरचं घर, अम्मिणीअम्मांचं. त्यांचे यजमान कारखान्यात फाउंड्रीत होते. ते जाऊन दहा वर्षं झाली. अम्मा पंच्याहत्तरीच्या, गुडघ्यांनी हैराण, एकट्या राहतात. अच्युतरावांनी पिशवीतून पुडी काढली आणि घसा साफ केला. अम्मांनी पुडीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि हसायलाच लागल्या.

‘‘आप भी थैली लेके आया? वसुधा भाभी जैसा?’’

‘‘वसुधा?’’ अच्युतराव म्हणाले. ‘‘वसुधा कशाला?’’

‘‘वो हर साल आती थी ना। एक दिन पहले, शाम को, जब आप सेकंड शिफ्ट में रहता था।’’ अम्मांनी त्यांना खुर्ची दिली. ‘‘पहले साल इस गली में कौन जानता था आपका बैल-वैल? मैं तो बोली, लकड़ी के बैल का पैर धोने का? भाभी ने सब सिखाया। पानी ऐसे डालना, आरती ऐसे करना। वो शब्द भी बोजारा, बोजारा, दस बार बुलवाया मेरे से। मैंने कैलेंडर पे मलयालम में लिख के रखा। सब घर में जाती थी, सरदारनी के घर, तमिल के घर, सबको पुड़िया देके आती थी।’’

अच्युतराव खुर्चीच्या कडेवर बसले. ‘‘मला कधी बोलली नाही,’’ ते मराठीतच म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, ‘‘मेरे को कभी बताया नहीं।’’

‘‘आपको बताने को मना था। बोलती थी, उनको लगना चाहिए कि सबको पता है। वो गाँव छोड़ के आया है, उनको अच्छा लगता है।’’ अम्मांनी हात हलवला. ‘‘तीन साल पुड़िया लाई। चौथे साल मैं बोली, भाभी, ये वापस ले जाओ, मैंने अपना बनाया है। सरदारनी भी बोली। फिर भी आती थी, तारीख बताने को। हमारे कैलेंडर में आपका त्योहार किधर लिखा है? पाँव सूज जाता था उसका, सब घर घूम के।’’

अच्युतरावांना आता सगळं लख्ख दिसायला लागलं. पोळ्याच्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक, त्याच संध्याकाळी अकरा घरं, आणि दुसऱ्या दिवशी ‘पाय दुखतात, तुम्ही जा’. दरवर्षी किराण्यात फुटाणे जास्त का यायचे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि आपण काय करत होतो? फेटा बांधून पुढे चालत होतो, आणि ह्याच अम्मांसमोर म्हणत होतो, हिला हौस नाही. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हे. त्यांना रडू आलं आणि अम्मांसमोर त्यांनी ते लपवलंही नाही.

अम्मांनी त्यांना पाणी दिलं. पुडी मात्र त्यांच्या पिशवीत परत टाकली. ‘‘ये मेरे को नहीं चाहिए। मैं अपना देगी।’’ थोड्या वेळानं त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘‘हमारे त्रिशूर में ओणम के टाइम कुम्माट्टी आता है। पूरे बदन पे घास बाँध के, लकड़ी का मुखौटा लगा के, घर-घर। हम बच्चे लोग डरता था, फिर भी दरवाजे पे खड़ा रहता था। मेरी दादी गुड़ रखती थी उनके लिए। शादी करके भोपाल आई, तो पंद्रह साल कोई नहीं आया। फिर आपका बैल आया। उसी महीने में। मैं तो उस दिन सुबह से राह देखती थी चांदेकर जी, आपको मालूम नहीं।’’

रस्ता ओलांडून घरी जायला वीस पावलं लागतात, पण अच्युतराव गल्लीचा पूर्ण फेरा मारून गेले. इतकी वर्षं त्यांना गल्लीची आठवण येत होती. ती गल्ली आपली, आपण उभी केलेली, असं ते धरून चालले होते. ती वसुधाचीच होती आणि तिच्या मागं तिला नीट आठवायचंही राहून गेलं, ह्याची त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बैल निघाला. सुरुचीनं धोतर, बंडी आणि लाल फेटा घातला होता, काजळाची मिशी काढली होती, आणि पायात मात्र चालताना दिवे लागणारे बूट होते, कारण त्यावर ती कोणाचं ऐकणार नव्हती. गल्ली ओली होती, चाकं कुरकुरत होती. अच्युतराव फेटा न बांधताच मागून चालले होते. मंजूषानं विचारलं, ‘‘बाबा, पुढे व्हा ना,’’ तर म्हणाले, ‘‘तिला जाऊ दे.’’

तरुण जोडप्याच्या घरची मुलगी पाठ केल्यासारखं ‘‘अरे वाह, बैल आया!’’ म्हणाली आणि मग बैल बघून खरंच खाली बसली. ‘‘ये अंकल ने बनाया? हाथ से?’’ तिनं बैलाच्या कानावरून बोट फिरवलं, नवऱ्याला हाक मारली, फोटो काढले, आणि पुडी द्यायचं विसरूनच गेली. मंजूषानं आठवण करून दिल्यावर धावत जाऊन घेऊन आली. फाटकवाल्या घरी मोलकरणीनं न सांगता बैलाच्या पायावर पाणी घातलं. ती छिंदवाड्याची निघाली. तिच्या गावीही पोळा होता. तिवारीजींनी चिक्कीच्या पुडीबरोबर टेसूचं एक अख्खं गाणं म्हणून दाखवलं. हॉस्टेलचं दार दोनदा वाजवावं लागलं. तोंडात ब्रश असलेल्या मुलानं ते उघडलं आणि अच्युतरावांना बघून त्याचा चेहरा पडला.

‘‘सॉरी अंकल, वो पुड़िया तो हम लोग कल ही खा गए।’’

अच्युतरावांनी डोळे मिटले. झालं. पण सुरुचीचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती हात पुढे करून ‘‘बोजारा!’’ म्हणत उभी होती. पोरगा आत पळाला, आतून शोधाशोधीचा आवाज आला आणि तो नूडल्सचं एक पाकीट घेऊन आला. त्याच्या मागून आणखी चौघं आले, एकानं बैलाला सॅल्यूट केला. सगळ्या पिशवीत सुरुचीला ते पाकीट सर्वांत जास्त आवडलं.

अम्मिणीअम्मा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, ओणमला नेसायची ती जरीकाठी पांढरी साडी नेसून. मांडीवर निरांजन, शेजारी केळीच्या पानावर गूळ घालून तळलेले अप्पे. दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या उठल्या, वाकल्या, बैलाच्या चारही खुरांवर पाणी घातलं. मग सुरुचीची मिशी नीट न्याहाळून म्हणाल्या, ‘‘ये किसका बच्चा है, मालूम है मेरे को। वसुधा का है।’’

सुरुचीनं चमकून आजोबांकडे पाहिलं. ‘‘आजोबा! ओळखलं!’’

‘‘ओळखलं ना,’’ अच्युतराव म्हणाले.

अकरा घरं झाली. बैल चांदेकरांच्या फाटकापाशी आला. फाटकाला बाहेरून कडी, दाराला कुलूप. सुरुची थांबली. ‘‘हे लास्ट घर. पण आत कोणीच नाहीये. इथे कोण देणार?’’

अच्युतराव जागच्या जागी उभे राहिले. पॅटर्न शॉपचा माणूस, अकरा घरांचा हिशेब चोख ठेवला आणि स्वतःच्याच घराला विसरला. अडतीस वर्षांत ह्या दिवशी ते घर बाहेरून बंद कधी नव्हतंच.

‘‘मी जाते आत,’’ मंजूषा म्हणाली.

‘‘नको,’’ अच्युतराव म्हणाले. ‘‘तुम्ही इथंच थांबा. मी हाक मारल्याशिवाय... नाही, हाक नाही. तुम्ही दार वाजवा.’’

ते कुलूप काढून आत गेले आणि दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात दोन डबे उघडले, दोन्ही चुकीचे निघाले. तिसऱ्यात गूळ मिळाला. देव्हाऱ्यातलं निरांजन घेतलं, वात मोठी झाली, काडी दोनदा विझली. हळदीकुंकू, तांदूळ, तांब्याभर पाणी. ताट हातात घेऊन ते दाराशी येऊन उभे राहिले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दाराच्या ह्या बाजूला ह्या दिवशी ते कधीच उभे राहिले नव्हते. इथून सगळी गल्ली ऐकू येत होती. बाहेर मंजूषा लेकीचा फेटा सारखा करत होती, चाक कुरकुरत होतं. इथं उभं राहून वसुधा दर वर्षी ऐकत असणार. आता सरदारजींचं दार, आता तामिळांचं, कोणत्या घरी काय मिळालं ते तिला आधीच ठाऊक. आणि मग थाळी बडवत, सगळ्यांच्या पुढे, आपला आवाज.

दार वाजलं. ‘‘बोजारा द्या, बैल आला!’’ सुरुची ओरडली.

अच्युतरावांनी एक हात कडीवर ठेवला आणि मागे वळून त्या रिकाम्या घराकडे पाहिलं.

‘‘वसुधा,’’ ते म्हणाले, ‘‘आली गं तुझी पोरं.’’ आणि त्यांनी दार उघडलं.